आत जाऊन बघू

आमच्या ऑफिसात नानांचं खरं नाव दोनच जागी सापडतं, गळ्यातल्या ओळखपत्रावर आणि पगाराच्या स्लिपवर. बाकी कालपरवा कॉलेजातून आलेल्या पोरांपासून डायरेक्टरपर्यंत सगळ्यांचे ते नाना. हुद्दा मात्र दर तीन-चार वर्षांनी बदलतो. लागले तेव्हा सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर होते, मग डेव्हऑप्स झाले, हल्ली साइट रिलायबिलिटी इंजिनिअर म्हणवतात. काम तेच आहे. लॅपटॉपवर गुण्यागोविंदाने नांदणारं सॉफ्टवेअर कंटेनरमध्ये गेलं की अंगात आल्यासारखं का करतं, ते शोधून काढायचं.

खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल. हातात शाळकरी शंभर पानी वही. लॅपटॉप असताना वही कशाला, असं एखाद्या नव्या मुलाने विचारलं की नाना म्हणतात, "लॅपटॉपवर विश्वास ठेवता आला असता तर मला पगार कोणी दिला असता?" वहीच्या मुखपृष्ठावर नाव, इयत्ता, तुकडी, विषय असे छापील रकाने असतात. पहिले तीन नाना कोरे सोडतात. विषयापुढे लिहितात, 'आत-बाहेर'. अशा एकवीस वह्या त्यांच्या कपाटात आहेत आणि त्यांतल्या निदान सहा पानांवर मी आहे.

आमच्या धंद्यातलं सगळ्यात जुनं वाक्य म्हणजे, "माझ्याकडे तर चालतंय!" लहानपणी काचेचा ग्लास फुटल्यावर आपण जे "मी नाही केलं" म्हणायचो, त्याचंच हे शिकून मोठं झालेलं भावंड. दिवसाकाठी दोन-तीन जण तरी हे वाक्य घेऊन नानांच्या टेबलाशी येतात. नाना हसत नाहीत, रागावत नाहीत. वही उघडतात, वर तारीख आणि वेळ घालतात, खाली 'रुग्णाचं म्हणणं' असं लिहून ते वाक्य अवतरणचिन्हांसकट उतरवून घेतात. मग निळ्या पेनाने पानाच्या मधोमध उभी रेघ. डावीकडे 'बाहेर', उजवीकडे 'आत'.

"चल, आत जाऊन बघू."

आत म्हणजे कंटेनरच्या आत. तिथे शिरल्यावर नाना कोडला हातसुद्धा लावत नाहीत. डोक्याला मार लागलेल्या म्हाताऱ्या माणसाला डॉक्टर जे प्रश्न विचारतात तेच ते कंटेनरला विचारतात. नाव काय तुमचं? आपण आत्ता कुठे आहोत? आज तारीख काय, वाजले किती? तुम्हाला कोणती भाषा कळते? बरोबर कोण कोण आलंय? हूअ‍ॅमआय, होस्टनेम, डेट, लोकॅल, पीएस या त्या कमांड्स. एकेक उत्तर उजव्या रकान्यात. मग तेच प्रश्न लॅपटॉपला, उत्तरं डाव्या रकान्यात. जिथे दोन उत्तरं जुळत नाहीत तिथे लाल पेन. आम्ही तिघं-चौघं दोन दिवस कोड उलटापालटा करून जे शोधत असतो, ते बऱ्याचदा या चौथी-पाचवीच्या सामान्यज्ञानात सापडतं. तेव्हा फार अपमान वाटतो. आता सवय झाली आहे.

कंटेनरला कोणी 'छोटा कॉम्प्युटर' म्हटलेलं नानांना खपत नाही. "अरे, कॉम्प्युटर कसला? वाडा आहे तो. भिंती पातळ, बिऱ्हाडं वेगळी, आड एकच. सगळ्यांचे पोहरे त्या एकाच कर्नेलमध्ये." नेमस्पेस म्हणजे या पातळ भिंती. त्यांच्यामुळे प्रत्येक बिऱ्हाडाला वाटतं, वाड्यात आपण एकटेच राहतो. सीग्रुप म्हणजे रेशनकार्ड, मेमरी एवढीच मिळेल, प्रोसेसर एवढाच. यात नवीन काहीच नाही, हा त्यांचा ठेका. युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत १९७९ सालीच चरूट आलं होतं, २००० साली फ्रीबीएसडीने त्याला 'जेल' असं प्रामाणिक नाव दिलं, गूगलच्या इंजिनिअरांनी २००६ साली सुरू केलेलं रेशनकार्ड २००८च्या आरंभी लिनक्सच्या कर्नेलमध्ये पोचलं. मग मार्च २०१३ मध्ये कॅलिफोर्नियात सँटा क्लारा इथे पायथॉनवाल्यांच्या मेळाव्यात सॉलोमन हाइक्स नावाच्या माणसाने पाच मिनिटांच्या भाषणात डॉकर दाखवलं. "पाच मिनिटं बोलला तो," नाना म्हणतात, "आणि निस्तरायला मी."

रेशनकार्डाची एक गंमत नाना नव्या पोरांना आवर्जून सांगतात. जावाच्या जुन्या आवृत्त्यांना हे कार्ड वाचताच यायचं नाही. कंटेनरला कार्डावर अर्धा जीबी मंजूर आणि जावा मात्र अख्ख्या वाड्याची, म्हणजे चौसष्ट जीबीची, मेमरी मोजून त्यातला चौथा हिस्सा आपला समजायची. दहा बाय दहाच्या खोलीत सोळा पानांची पंगत मांडायला घ्यायची आणि कर्नेल येऊन मान पिरगाळायचं. मागे चिठ्ठी एकच, '१३७'. एकशे अठ्ठावीस अधिक नऊ, आणि नऊ नंबरचा सिग्नल म्हणजे थेट मरण. जावा दहामध्ये हे सुधारलं, पुढे जुन्या जावा आठमध्येही ती दुरुस्ती आणली. तरी १३७ दिसलं की नाना दोन मिनिटं शांत बसतात. कोणाला वाटेल श्रद्धांजली वाहतायत.

आता दुधाची गोष्ट सांगतो. कोड माझा होता हे आधीच कबूल केलेलं बरं.

आम्ही गावोगावच्या दूध संस्थांसाठी संकलनाचं सॉफ्टवेअर करतो. गवळ्याने किंवा गवळणीने कॅन आणायचं, मापात दूध, मशीनवर फॅट आणि एसएनएफ, कॉम्प्युटरवर नोंद, हातात पावती. दिवसातून दोन पाळ्या, सकाळ आणि संध्याकाळ. दर दहा दिवसांनी बिल. वर्षानुवर्षं हे आमच्या जुन्या सर्व्हरवर बिनबोभाट चालू होतं. मग आम्ही आधुनिक झालो आणि ते कंटेनरमध्ये घातलं. आठवडाभरात सांगली जिल्ह्यातल्या एका संस्थेच्या सचिवांचा फोन आला.

"सायेब, आज पहाटं घातल्यालं दूध काल संध्याकाळचं दावतंय. आन् सगळ्यांचं न्हाई बरं का. पयल्या लायनीतल्यांचंच. मागनं येत्यात त्यांचं बराबर."

आम्ही हसलो. रांगेत पहिलं उभं राहणाऱ्यावर राग धरणारं सॉफ्टवेअर अजून निघायचं आहे. मी लॅपटॉपवर नोंद घालून पाहिली, तारीख बरोबर, पाळी बरोबर. टेस्टिंगच्या मुलीने चक्क कंटेनरमध्येच दहा नोंदी घातल्या, दहाही बरोबर. मग आम्ही शहरी माणसं अशा वेळी जे करतो तेच केलं, सचिवांवर संशय घेतला. त्यांना पाळी निवडता येत नसेल. वीज जात असेल. आमच्यातल्या एकाने तर 'सकाळी सर्व्हर गरम व्हायला वेळ लागत असेल' असंही सुचवलं, जणू तो राजदूत मोटरसायकल आहे. दुसरा फोन आला तेव्हा कळलं की संध्याकाळीही तीच तऱ्हा. पहिल्या काही जणांचं संध्याकाळचं दूध सकाळच्या पाळीत.

प्रकरण नानांच्या वहीत गेलं. नानांनी सचिवांनाच फोन लावला. कोडबद्दल अवाक्षर नाही. केंद्र किती वाजता उघडतं, पहिलं कॅन कोणाचं लागतं, त्या बाई कुठून चालत येतात, पावसात उशीर होतो का, असल्या चौकशा. फोनवर पंधरा मिनिटं. आम्हाला वाटलं नाना आता म्हैस घेतायत. शेवटी म्हणाले, "सचिवसाहेब, एक करा. उद्या पहाटे तुमच्या मनगटावरच्या घड्याळात बघून प्रत्येक पावतीची खरी वेळ कागदावर मांडा. पहिली पंधरा माणसं पुरेत."

दुसऱ्या दिवशी कागदाचा फोटो आला. पाच पाच, पाच बारा, पाच एकोणीस, पाच सव्वीस, सगळ्या चुकलेल्या. पाच एकतीस बरोबर. त्यापुढच्या सगळ्या बरोबर. नानांनी पाच सव्वीस आणि पाच एकतीसच्या मध्ये लाल रेघ मारली, पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, "साडेपाच. भारतात हा आकडा दिसला की आधी घड्याळ धरायचं. फॅट-बिट नंतर."

मग आत गेलो. लॅपटॉप म्हणाला, सकाळचे अकरा. कंटेनर म्हणाला, पहाटेचे साडेपाच. त्याला कोणी काही सांगितलेलंच नव्हतं, म्हणून तो बिचारा जन्मल्यापासून यूटीसीत, म्हणजे ग्रीनिचच्या वेळेत जगत होता. आणि माझा कोड काय करत होता? तास बाराच्या आत असेल तर सकाळ, नाहीतर संध्याकाळ. पहाटे पाच वाजून पाच मिनिटांनी सांगलीत कॅन लागायचं तेव्हा कंटेनरच्या घड्याळात आदल्या रात्रीचे अकरा पस्तीस. तारीख कालची, पाळी संध्याकाळची. दुपारनंतर पाच दहाला दूध आलं की आत अकरा चाळीस, म्हणजे सकाळ. दोन्ही वेळेला पहिला अर्धा तास तेवढा फसायचा. आम्ही ऑफिसात तपासत होतो अकराला आणि तीनला. अकराचे साडेपाच, तीनचे साडेनऊ. तीनला घातलेली नोंद खरं तर संध्याकाळची लागायला हवी होती आणि लागली होती सकाळची. पण आमच्यापैकी कोणीही तीन वाजता संध्याकाळच्या पाळीची अपेक्षा केली नव्हती. शहरात तीनला कोण दूध काढतं?

नानांनी सचिवांना फोनवर नोंद वाचून दाखवली, रात्री अकरा पस्तीस, म्हैस, चार लिटर. पलीकडे क्षणभर शांतता. मग, "रातच्या अकराला कुणाची म्हस पान्हावती सांगा की, सायेब!"

दुरुस्ती सोपी होती. मी कंटेनरला टाइमझोन सांगितला, एशिया-कोलकाता, आणि छाती फुगवून चहाला गेलो. परत आलो तर वेळ तीच, ग्रीनिचची. पण पुढे जिथे यूटीसी लिहिलेलं असायचं तिथे आता 'एशिया' लिहून येत होतं. नानांनी ते पाहिलं आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा मोठ्याने हसले. कंटेनर ज्या साच्यातून निघतो ती इमेज आम्ही इतकी बारीक केली होती की जगातल्या टाइमझोनांचं कोष्टकच तिच्यात नव्हतं. कोलकाता कुठे आहे हे कंटेनरला शोधता येईना, पण नकार देणं शिष्टाचारात बसत नसावं. म्हणून पाटी एशियाची आणि वेळ ग्रीनिचची. "मुंबईच्या हॉटेलात थाई पदार्थ मागवल्यावर असंच होतं," नाना म्हणाले. कोष्टक घातलं. शिवाय पाळी ठरवताना घड्याळाच्या मर्जीवर न राहता वेळ मुद्दाम भारतीय करून घ्यायची, हे मला वहीच्या मागच्या पानावर पाच वेळा लिहायला लावलं. थट्टेने नव्हे.

नानांचं समजावणं नेहमी नात्यागोत्यातून जातं. आमच्यातली एक मुलगी लग्नानंतर महिन्याभराने कामावर आली. तिचा प्रोग्रॅम कंटेनरमध्ये गेल्यावर डेटाबेस सापडत नाही म्हणून रडत होता. पत्ता लोकलहोस्ट, १२७.०.०.१, लॅपटॉपवर अगदी बरोबर. नानांनी विचारलं, "हल्ली आईला फोनवर 'घरी आहे' म्हणालीस तर ती काय विचारते?"

"कुठल्या घरी, म्हणून विचारते."

"झालं तर. लोकलहोस्ट म्हणजे 'घरी'. तुझा प्रोग्रॅम सासरी गेलाय आणि डेटाबेस माहेरी राहिलाय. हा आपला सासरच्या घरात डेटाबेस शोधत फिरतोय." तिने पत्ता बदलला. लोकलहोस्ट पुन्हा चुकवल्याचं तिच्याबद्दल ऐकलेलं नाही. मी अजून चुकवतो, माझं माहेर-सासर झालेलं नाही म्हणून असेल.

तसाच तो कर्ता पुरुष. कंटेनर बंद करायला सांगितलं की आमचा एक प्रोग्रॅम बरोबर दहा सेकंद ढिम्म बसायचा आणि मग एकदम मरायचा. आम्हाला यात काही वावगं वाटत नव्हतं. नानांना ते दहा सेकंद दातात अडकलेल्या सुपारीसारखे टोचायचे. "आत एक नंबरची प्रोसेस म्हणजे घरातला कर्ता," ते म्हणाले. "इतरांना 'आवरा आता' म्हटलं की आवरतात. कर्त्याला नुसतं म्हणून चालत नाही, ते कसं ऐकायचं हे त्याला आधी शिकवून ठेवावं लागतं. नाहीतर डॉकर दहा सेकंद वाट बघतो आणि मग गळा धरतो. बरं, घरात कोणी गेलं तर क्रियाकर्मही यानेच करायचं. ते केलं नाही तर काय होतं?"

"काय होतं?"

"भुतं हिंडतात." आणि खरोखरच त्यांनी पीएसच्या यादीत मेलेल्या, पण कोणी न आवरलेल्या चाळीसेक प्रोसेस दाखवल्या. युनिक्सने त्यांना झोंबी नाव दिलंय, तो काही नानांचा विनोद नव्हे. मग कर्त्याच्या जागी टिनी नावाचा एक चिमुकला प्रोग्रॅम बसवला. तो सिग्नल ऐकतो, पुढे पोचवतो आणि गेलेल्यांचं सगळं यथासांग करतो. "गुरुजी ठेवले," असं नानांनी वहीत लिहिलंय.

नानांचं खरं वैर आहे इमेज बारीक करणाऱ्यांशी. आमच्याकडे एक हुशार मुलगा आहे. जिममध्ये जातो, सकाळी ओट्स खातो आणि तेच पथ्य इमेजला लावतो. त्याने नऊशे एमबीची इमेज साठ एमबीवर आणली तेव्हा मीटिंगमध्ये टाळ्या पडल्या. नाना टाळी वाजवतात त्याचा आवाज येत नाही. दुसऱ्या दिवशी दूध संस्थांना गेलेल्या बिलांवर नावाच्या जागी चौकोन, गावाच्या जागी चौकोन. आकडे तेवढे इंग्रजी म्हणून शाबूत. चौकोन-चौकोन-चौकोन यांना रुपये २,३४०. पोराने वजन उतरवताना देवनागरीचा फाँटही उतरवून ठेवला होता. "माझ्याकडे तर नीट दिसतंय," तो म्हणाला. नाना म्हणाले, "तुझ्या लॅपटॉपला मराठी येतं. याला कुठे येतं? शिकवायला नको?" लोहित देवनागरी नावाचा फाँट आत घातला, इमेज थोडी जाड झाली. नावं परत आली. पोरगा दोन दिवस नाराज होता.

पुढच्या खेपेला त्याने पायाच बदलला, अल्पाइन नावाचं लिनक्स घेतलं. मूळ इमेज पाचेक एमबीची, देखणं प्रकरण. आता आमचा एक जुना, आयता मिळालेला प्रोग्रॅम चालवला की उत्तर यायचं, 'नॉट फाउंड'. फाइल तर समोर दिसतेय! नाव बरोबर, परवानग्या बरोबर, आकार बरोबर. आपण बेल वाजवावी, यजमानाने स्वतः दार उघडावं आणि "घरी कोणी नाही" म्हणावं, तसलं काहीतरी. मुलाने फाइल तीनदा पुसून तीनदा घातली. नाना खुर्ची ओढून बसले. "फाइल आहे रे. फाइल चालू करून देणारा जो असतो ना, लोडर, तो या घरात नाही. हा प्रोग्रॅम ग्लिबसीच्या घरात वाढलेला, अल्पाइनमध्ये चूल मसलची. कर्नेल म्हणतं सापडत नाही, ते लोडरबद्दल. तुम्ही समजता फाइलबद्दल." मला या वाक्याचा अर्थ समजायला अल्पाइनची आणखी दोन प्रकरणं जावी लागली.

या बारीक डब्यांमध्ये आत गेल्यावर हाताशी काही नसतं, हे नानांना मनातून आवडत असावं असा माझा संशय आहे. व्हीआय नाही, पिंग नाही, कर्ल नाही. एकदा तर एलएससुद्धा नव्हतं. आम्ही हात टेकले. नानांनी 'इको' आणि पुढे एक चांदणी एवढंच टाइप केलं, फोल्डरातली सगळी नावं एका ओळीत आली. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी फक्त काडेपेटी नसताना चूल पेटवणाऱ्या आजीच्या चेहऱ्यावर पाहिलंय.

नानांचे थोरले बंधू न्हावाशेवा बंदरावर क्लिअरिंगच्या कामात होते, १९८९ साली बंदर सुरू झालं तेव्हापासून. त्यांच्या घरात कंटेनर म्हणजे वीस फुटी किंवा चाळीस फुटी, लोखंडी. धाकटाही कंटेनरमध्येच आहे याचं त्यांना कौतुक होतं, काय करतो ते समजेपर्यंत. एका मुंजीत पंगतीला शेजारी बसल्यावर नानांनी सगळं समजावून सांगितलं, मॅल्कम मॅक्लीनने १९५६ साली न्यूअर्कहून ह्यूस्टनला अठ्ठावन्न डबे पाठवले तिथपासून. कल्पना तीच आहे दादा, आत काय आहे याच्याशी जहाजाला देणंघेणं नको. दादांनी जिलबी संपवली आणि म्हणाले, "आम्ही नाशिकची द्राक्षं भरली की रॉटरडॅमला द्राक्षंच निघतात. तुमच्यात मधेच बेदाणे होतात म्हणे?" नानांनी ही गोष्ट मला स्वतः सांगितली. मोठं मन लागतं.

ऑफिसबाहेरही हा माणूस रेघ मारल्याशिवाय राहत नाही. मुलगी जर्मनीत असते. गेल्या गणपतीत तिचे उकडीचे मोदक सगळे चिरले. व्हिडिओ कॉलवर नानांनी वही उघडली. बाहेर, आत. पाणी किती? इथे वाटीला वाटी, तिथेही वाटीला वाटी. पण वाटी तीच का? तिने वाटी कॅमेऱ्यासमोर धरली, इकडे नानांनी स्वयंपाकघरातून वाटी आणून दोन्हींत किती घोट मावतात ते मोजायला लावलं. शेगडी गॅसची की विजेची? मलमलचं फडकं की टिशू? उकड किती मिनिटं झाकली? पान भरत आलं. तेवढ्यात वहिनी हात पुसत बाहेर आल्या, स्क्रीनकडे बघून म्हणाल्या, "अगं, पीठ कुठलं घेतलंस?" तिकडच्या दुकानातलं, भरड, कुठल्या तांदळाचं ते देव जाणे. संपलं. नानांच्या यादीत पीठ अकराव्या क्रमांकावर होतं. वहिनींना आत जावं लागलं नाही.

आता शेवटचं पान. हे नानांच्या हातचं नाही.

नानांच्या टेबलाखाली एक जुनं मशीन आहे. त्याच्यावर नानांनी लिहिलेला एक छोटा प्रोग्रॅम रोज रात्री दुधाचे नवे दर उचलून सगळ्या संस्थांकडे पाठवतो. इतकी वर्षं एकदाही चुकलेला नाही. गेल्या मे महिन्यात नाना चार दिवस दिवेआगरला गेले. आम्ही म्हटलं, नाना नाहीत तोवर हा प्रोग्रॅम टेबलाखालून काढून कंटेनरमध्ये ठेवू, आल्यावर खूश होतील. ठेवला. रात्री दर गेले नाहीत. सर्व्हरचं नावच त्याला सापडेना. पहाटे सचिवांचे फोन सुरू झाले, मी घाबरून नानांना लावला. घरात रेंज नव्हती, ते समुद्रावर येऊन बोलत होते, मागे लाटा आणि वारा. मी म्हटलं, नाना, तुमचा प्रोग्रॅम कंटेनरमध्ये चालत नाही.

बराच वेळ नुसता वारा. मग नाना म्हणाले, "माझ्याकडे तर चालत होतं."

बोलल्याबरोबर त्यांना कळलं असावं, कारण फोन कट झाला. रेंज गेली, असं ते अजून म्हणतात.

मी बाविसावी वही उघडली. तारीख घातली, वेळ घातली, पाच चाळीस. रुग्णाचं म्हणणं, अवतरणात, जसंच्या तसं. उभी रेघ. टेबलाखालच्या मशीनला विचारलं, कंटेनरला विचारलं. तारीख जुळली, भाषा जुळली, मेमरी जुळली. होस्ट्स फाइलवर येऊन लाल पेन काढलं. कंटेनरची होस्ट्स फाइल त्याची स्वतःची, कोरी करकरीत. नानांच्या मशीनच्या फाइलमध्ये दराच्या सर्व्हरचं नाव आणि पत्ता हाताने लिहिलेली एक ओळ. तिच्यापुढे रोमन अक्षरांत शेरा, 'तात्पुरते, २०१६'.

सहा वाजता दर गेले. रुग्णाच्या नावाची जागा मी कोरी सोडली आणि वही त्यांच्या टेबलावर ठेवली.

सोमवारी नाना आले. सुपारीची पुडी सगळ्यांना वाटली, पान वाचलं, निळ्या पेनाने कोऱ्या जागेत स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. ऑफिसात ते आता तीन जागी आहे. मग लाल पेन काढून मी घातलेल्या वेळेला गोल केला आणि बाजूला लिहिलं, 'आयएसटी की यूटीसी?'